ज्याचा स्वर नाही, त्याला ऐकवताना

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या साप्ताहिक रेडिओ कार्यक्रमाचे निवेदन माझ्याकडे आले, तेव्हा त्याचा आराखडा आधीच ठरलेला होता. प्रत्येक भागात एक रचनाकार आणि त्याची रचना वाद्यवृंदाकडून वाजवून घेणारा एक कंडक्टर अशी जोडी घ्यायची आणि दोन तासांत त्या दोघांचे काम श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचे. रचनाकाराची मला धास्ती नव्हती, कारण त्याने लिहिलेले स्वर प्रत्यक्ष वाजणारच होते. अडचण होती ती कंडक्टरची. ऐंशी-शंभर वादकांसमोर उभा राहणारा हा एकच माणूस असा असतो की जो स्वतः एकही स्वर काढत नाही. सभागृहात निदान त्याचे हात आणि खांदे दिसतात, तो कोणत्या क्षणी कोणाकडे पाहतो ते कळते. रेडिओवर तेही नाही. ज्याला ना आवाज ना रूप, अशा माणसाचा गौरव केवळ ध्वनीच्या माध्यमातून कसा करायचा? या कार्यक्रमाने मला जे काही शिकवले, ते बहुतेक सगळे या एका प्रश्नाच्या मागे लागूनच मी शिकले.

पहिला भाग बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचनेवर होता आणि तो मी चुकीच्या पद्धतीने केला. मी आठवडाभर वाचन केले होते आणि वाचलेले सगळे सांगून टाकण्याची घाई मला झाली होती. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील थिएटर आन डेर वीन येथे ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, त्याच कार्यक्रमात सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कन्चेर्टोही (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) होता, कार्यक्रम सुमारे चार तास चालला आणि सभागृह थंडीने गारठलेले होते, हे सारे मी सांगितले. पुढे कंडक्टरचा जन्म, शिक्षण, त्याने सांभाळलेली पदे यांची यादी वाचली आणि मग ध्वनिमुद्रण लावले. प्रसारण संपल्यावर आमच्या निर्मात्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही त्या माणसाची माहिती दिलीत. त्याने नेमके काय केले, ते मला अजूनही कळलेले नाही.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी सांगितलेल्यातील एकही वाक्य ऐकून कोणाच्या कानाला पुढचे संगीत वेगळे लागणार नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून मागून घेऊन मी त्याच सिंफनीवर दुसरा भाग केला. या वेळी चरित्र बाजूला ठेवून मी स्वरलेखनाचे पहिले पान समोर घेतले. ‘त-त-त-तऽऽ’ ही चार स्वरांची सुरुवात संगीताशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असते, परंतु कागदावर ती त्या स्वरांनी सुरू होतच नाही. पहिल्या मात्रेच्या जागी विराम लिहिलेला आहे. म्हणजे कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा कोणीही काही वाजवायचे नसते, आणि त्या रिकाम्या क्षणाच्या धक्क्यावरच सगळ्या तंतुवाद्यांनी आणि क्लॅरिनेटांनी एकत्र झेप घ्यायची असते. चौथ्या स्वरावर थांबण्याची खूण आहे. तो किती वेळ धरायचा हे बेथोव्हनने मोजून दिलेले नाही, ते कंडक्टरवर सोडले आहे. लगेच तोच आकृतिबंध खालच्या स्वरांवर येतो, पुन्हा थांबण्याची खूण येते, पण या वेळी शेवटचा स्वर एका मापाने लांबवून लिहिला आहे. पहिल्यापेक्षा दुसरा थांबा मोठा असावा, असे रचनाकाराने सुचवले आहे. तो किती मोठा, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे.

हे सगळे मी श्रोत्यांना दोन मिनिटांत सांगितले आणि मग एकामागून एक तीन तुकडे लावले. पहिला आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिकसह १९१३ साली केलेल्या ध्वनिमुद्रणातला. वादकांना भोंग्यासमोर दाटीवाटीने बसवून आवाज तबकडीवर कोरला जाई, त्या काळातला तो ठेवा आहे. दुसरा विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांच्या १९४७ सालच्या बर्लिनमधील मैफलीतला आणि तिसरा कार्लोस क्लायबर यांनी १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेला. प्रत्येक तुकडा साधारण अर्ध्या मिनिटाचा होता आणि मधे मी फक्त नावे घेतली. फुर्टवेंग्लरांकडे तो थांबा जमिनीत रुतल्यासारखा जड होतो. क्लायबरांकडे तो ताणलेल्या दोरीसारखा असतो, सुटायला आतुर असलेला. स्वर तेच आणि वाद्येही तीच, तरी तीन वेगळी माणसे ऐकू आली. कंडक्टर रेडिओवर असाच दाखवता येतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. त्याचे वर्णन करून काही साधत नाही. त्याला निर्णय घ्यावा लागतो ती जागा श्रोत्याच्या हाती द्यायची आणि मग दोन-तीन जणांचे निर्णय शेजारी शेजारी ठेवायचे.

तेव्हापासून प्रत्येक भागाची तयारी मी अशा जागा शोधण्यापासून करू लागले. काही जागा अगदी उघड असतात. माह्लरच्या पाचव्या सिंफनीतील आदाजिएत्तो हा संथ भाग केवळ तंतुवाद्ये आणि हार्प यांच्यासाठी लिहिलेला आहे. त्यावर ‘अतिशय संथ’ अशी सूचना आहे, पण संथ म्हणजे किती? माह्लरचे सहायक म्हणून काम केलेल्या ब्रूनो वॉल्टर यांनी १९३८ साली तो आठ मिनिटांच्या आत वाजवून घेतला, तर लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या १९८७ सालच्या ध्वनिमुद्रणात त्याच पानांना अकरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिला ऐकताना पत्नीला लिहिलेले प्रेमपत्र वाचल्यासारखे वाटते आणि दुसरा ऐकताना कोणाचा तरी निरोप घेतल्यासारखे. मला स्वतःला वॉल्टर यांचा वेग अधिक पटतो आणि तसे मी कार्यक्रमात स्पष्टपणे सांगितले. निवेदकाने मत देऊ नये असे मानणारे सहकारी मला भेटले आहेत, परंतु कारण देऊन मांडलेले मत श्रोत्याला ऐकण्यासाठी एक टोक देते असा माझा अनुभव आहे. मग ते टोक धरायचे की सोडून द्यायचे, हे त्याने ठरवावे.

भागांचे विषय निवडताना जयंत्या आणि पुण्यतिथ्यांची यादी हाताशी असतेच, पण केवळ तिच्यावर विसंबून राहिले की कार्यक्रम दिनविशेषासारखा होतो. मला रचनाकार आणि कंडक्टर यांच्यातल्या नात्यावर बेतलेले भाग करायला अधिक आवडले. विसाव्या वर्षी मेंडेलझोनने बर्लिनमध्ये ११ मार्च १८२९ रोजी बाखचे सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांवरची गायन-वादनाची मोठी रचना, पुन्हा उभे केले, तेव्हा बाखला जाऊन जवळजवळ ऐंशी वर्षे झाली होती. शूबर्टची १८२२ साली अर्धवट राहिलेली सिंफनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती १७ डिसेंबर १८६५ रोजी, योहान हेर्बेक यांच्या हाताखाली, आणि शूबर्ट तर १८२८ सालीच गेला होता. फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांनी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली, परंतु त्यानंतर त्यांच्या रचना विस्मरणात गेल्या आणि त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा २००९ साली इलिनॉयमधील एका ओसाड घरात सापडला. कागदावरचे संगीत कोणीतरी उभे राहून वाजवून घेईपर्यंत मुके असते, हे श्रोत्यांना समजावण्यासाठी मला या तीन हकिकतींहून अधिक काही लागले नाही. ऐनवेळी बदली म्हणून उभ्या राहिलेल्यांवर केलेला भागही मला फार प्रिय आहे. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वॉल्टर आजारी पडल्यामुळे पंचवीस वर्षांचे बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले, आणि ती मैफल देशभर रेडिओवरून प्रसारित होत असल्यामुळे त्यांचे नाव एका दुपारीत सर्वदूर पोहोचले.

कागदोपत्री कामाबद्दल थोडेच सांगते. वाजवलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची नोंद करावी लागते: रचनाकार, रचना, वादक, कंपनी, क्रमांक, कालावधी. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी असतात, त्यामुळे बेथोव्हनची रचना सर्वांसाठी खुली असली तरी तिचे अलीकडचे ध्वनिमुद्रण तसे नसते. नोंदींत रचनेचा क्रमांकही जपून लिहावा लागतो. मोत्सार्टच्या रचना कशेल यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीच्या क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि शूबर्टच्या रचना ओटो एरिश डॉइच यांच्या क्रमांकांनी. ड्वोर्झाकची आज नववी म्हणून ओळखली जाणारी सिंफनी जुन्या तबकड्यांवर पाचवी म्हणून छापलेली आढळते. संग्रहातून केवळ क्रमांक पाहून तबकडी काढली, तर भलतीच सिंफनी हाती येऊ शकते.

उच्चारांचे काम याहून कितीतरी आनंदाचे होते. माझी संहिता मी सुरुवातीपासून देवनागरीत लिहिते आणि या लिपीने मला अनेकदा तारले आहे. जर्मनमधील ‘झेड’ या अक्षराचा उच्चार इंग्रजी वळणाने केला तर नाव बिघडते, परंतु आपल्याकडे ‘चंद्र’मधला च आणि ‘चोर’मधला च असे दोन च आहेत, आणि जर्मनला हवा असतो तो नेमका चोरातला. म्हणून माझ्या संहितेत मोत्सार्ट हे नाव मी ‘मोचार्ट’ असे लिहून च खाली टिंब देते. ‘पिच्चिकातो’ या इटालियन शब्दालाही तोच च चालतो, तर ‘इंटरमेज्जो’ला ‘जहाज’मधला ज. फ्रेंच नावांत शेवटचे अक्षर गाळायचे असते असा एक समज पसरलेला आहे. तो बेर्लिओझ, बुलेझ आणि सँ-साँस या तिन्ही नावांच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण तिन्हींचे शेवटचे अक्षर उच्चारले जाते. दब्युसीच्या नावातला स्वर आपल्याकडे नाही. ओठ ‘उ’साठी गोल करायचे आणि आत ‘ई’ म्हणायची. सर्वांत कठीण गेला तो ड्वोर्झाक. त्यातला र आणि झ एकामागून एक यायचे नसतात, र कंप पावत असतानाच झ चा घर्षणध्वनी त्यात मिसळावा लागतो, आणि आघात पहिल्या अक्षरावर पडूनही दुसऱ्या अक्षरातला आकार दीर्घ ठेवावा लागतो. ते एक नाव मी तीन आठवडे घोकले आणि तरीही अजून प्रत्येक वेळी मायक्रोफोनसमोर त्याआधी क्षणभर थांबते.

कंडक्टर हा नेहमीच मूक नव्हता, हेही मला या कामामुळेच नीट उमगले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये राजदरबारातला रचनाकार ल्यूली जड काठी जमिनीवर आपटून ठेका देत असे. जानेवारी १६८७ मध्ये राजाच्या आजारपणातून उठण्याच्या आनंदात ‘ते देउम’ हे स्तोत्र वाजवून घेताना ती काठी त्याच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि २२ मार्चला तो गेला. पुढे काठी लहान झाली, हवेत फिरू लागली आणि कंडक्टरचा आवाज नाहीसा झाला. तरी तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. आर्तुरो तोस्कानिनी यांनी प्यूचिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनमध्ये केला होता. त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी तोच ऑपेरा अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओवरून सादर केला. ते ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले तर गायकांच्या आवाजामागे एक खरखरीत, वयस्क आवाज सुरांबरोबर गुणगुणताना ऐकू येतो. तो तोस्कानिनींचाच आहे. हा भाग लावण्यापूर्वी मी श्रोत्यांना एवढेच सांगितले की गायकाच्या मागे कोण आहे ते ऐका. त्या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या गुणगुणण्याबद्दलची होती.

असाच एक प्रसंग स्टुडिओत माझ्या समोर घडला. मुलाखतीसाठी एक निवृत्त कंडक्टर आले होते. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीची सुरुवात वाजवून त्यावर त्यांना बोलते करायचे असे ठरले होते आणि त्यांचा मायक्रोफोन उघडाच ठेवला होता. ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी मी बोटाने खूण केली. त्याबरोबर त्यांचा उजवा हात टेबलावरून नकळत चार इंच वर उचलला गेला आणि त्यांनी नाकाने खोल श्वास घेतला, तोही पुढे येणाऱ्या संगीताच्या नेमक्या लयीत, आणि पहिला स्वर त्या श्वासाच्या टोकावर येऊन पडला. पुढची वीस मिनिटे ते पुष्कळ मोलाचे बोलले, परंतु संपादन करताना मी तो श्वास परत परत ऐकला आणि प्रसारणात जसाच्या तसा ठेवला. वादक काठीच्या टोकाकडे जितके पाहतात तितकेच या श्वासाकडे लक्ष देतात, असे त्यांनी नंतर सांगितले. सगळे एकदम कसे सुरू करतात, या श्रोत्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला मी आता तोच श्वास लावून उत्तर देते.

आवाजाच्या पातळीची बाजू मला सर्वांत उशिरा समजली आणि तिनेच मला सर्वांत जास्त त्रास दिला. वाद्यवृंदाच्या संगीतात अतिसूक्ष्म आणि प्रचंड यांच्यातले अंतर फार मोठे असते आणि रेडिओच्या यंत्रणेला हे अंतर मानवत नाही. माह्लरच्या पहिल्या सिंफनीच्या आरंभी तंतुवाद्ये एकच स्वर अनेक सप्तकांत इतक्या हळू धरून ठेवतात की गाडीत ऐकणाऱ्याला केंद्र बंद पडल्याचे वाटते. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या पहिल्या भागात तर बासून या खर्जातल्या फुंकवाद्याच्या चार स्वरांवर हळू वाजवण्याची ‘पी’ ही खूण सहा वेळा लिहिली आहे. अनेक कंडक्टर ते स्वर बास क्लॅरिनेटकडून वाजवून घेतात, कारण बासूनला इतके हळू वाजवणे जवळपास अशक्य असते. आणि त्याच्या लगेच पुढे संपूर्ण वाद्यवृंद गर्जना करून कोसळतो. प्रक्षेपणातले स्वयंचलित यंत्र हळू आवाज आपोआप उचलते आणि मोठा आवाज दाबते, म्हणजे कंडक्टरने तालमी घेऊन साधलेला हा फरक ते पुसून टाकते. माझ्या हट्टाखातर आमच्या ध्वनिअभियंत्यांनी या कार्यक्रमापुरती त्या यंत्राची पकड सैल केली आणि मी श्रोत्यांना आधीच सांगू लागले की आता आवाज अगदी खाली जाईल, तरी बटण फिरवू नका.

सगळ्यात मनाला लागलेली चूक मेंडेलझोनच्या व्हायोलिन कन्चेर्टोत झाली. १३ मार्च १८४५ रोजी लाइप्झिगमध्ये तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मेंडेलझोन आजारी होता, म्हणून नील्स गेड यांनी वाद्यवृंद सांभाळला आणि फर्डिनांड डेव्हिड यांनी व्हायोलिन वाजवले. हे मी मोठ्या आस्थेने सांगितले होते. पहिल्या भागाच्या शेवटी सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा बासून एक स्वर धरून राहतो, मग तो अर्ध्या सुराने वर सरकतो आणि त्या एका धाग्यावरून संगीत दुसऱ्या भागात उतरते. टाळ्यांना तिथे जागाच उरत नाही. आमच्या संगणकात मात्र ते दोन भाग दोन स्वतंत्र फायली होत्या. आवाज उतरल्याचे पाहून प्रणालीने पहिली फाईल संपली असे मानले आणि बासूनच्या स्वराचा गळा घोटून दुसरी सुरू केली. मी स्टुडिओत होते, ते माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर घडले आणि मला काहीही करता आले नाही. दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याचे दोन ओळींचे पत्र आले. “कार्यक्रम आवडला. बासूनचा तो एक स्वर कुठे गेला?” त्यानंतर मी नियम करून घेतला: जिथे दोन भाग न थांबता जोडलेले असतील, तिथे ते जोडून एकच फाईल करायची आणि जोड कानाला हेडफोन लावून स्वतः तपासायचा. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतही तिसऱ्यातून चौथ्या भागात जाताना हीच काळजी घ्यावी लागते.

ज्या भागासाठी मी सर्वाधिक राबले, तो शोस्ताकोव्हिचच्या सातव्या सिंफनीचा होता. १९४२ च्या उन्हाळ्यात ही सिंफनी तीन आठवड्यांच्या अंतराने दोन रेडिओंवरून ऐकू गेली. १९ जुलैला तोस्कानिनी यांनी न्यूयॉर्कहून एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रासह तिचे प्रसारण केले. स्वरलेखन तिथे मायक्रोफिल्मवरून पोहोचले होते. ९ ऑगस्टला ती जर्मन सैन्याच्या वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये वाजली. शहरातला मुख्य वाद्यवृंद दूर हलवण्यात आला होता. मागे राहिला होता तो रेडिओचा वाद्यवृंद, आणि त्यातलेही कित्येक वादक हिवाळ्यातल्या उपासमारीने दगावले होते. कंडक्टर कार्ल एलियासबर्ग यांनी पहिली तालीम घेतली तेव्हा मोजकेच वादक जमले, वाद्य फुंकण्याइतका श्वासही त्यांच्यात नव्हता आणि पाव तासातच तालीम थांबवावी लागली. सैन्यातून वादक बोलावून संख्या पुरी करण्यात आली. मैफलीच्या दिवशी शत्रूच्या तोफा गप्प राहाव्यात म्हणून त्यांच्यावर आधी मारा करण्यात आला, आणि ध्वनिक्षेपकांतून ते संगीत शहरात आणि वेढा घालून बसलेल्यांच्या दिशेनेही सोडण्यात आले.

तोस्कानिनींचे प्रसारण ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे, त्यामुळे पहिल्या भागातला छोट्या ढोलाच्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा वाढत जाणारा कूचगीताचा प्रसंग मी त्यातूनच लावला. एलियासबर्ग यांना कसे ऐकवायचे, हा मात्र तोच माझा जुना प्रश्न, अधिकच अवघड होऊन समोर उभा राहिला. दोन कंडक्टर शेजारी ठेवण्याची युक्ती इथे लागू पडत नव्हती. उत्तर मला वेढ्यातल्या त्या शहराच्या रेडिओनेच दिले. तिथे कार्यक्रम नसताना केंद्र मेट्रोनोमची टिकटिक प्रसारित करत असे. संथ टिकटिक म्हणजे धोका नाही आणि जलद म्हणजे हवाई हल्ला, आणि दोन्हींचा आणखी एक अर्थ असा की शहर अजून जिवंत आहे. बेथोव्हनने ज्या यंत्राच्या आधारे आपल्या सिंफनींचे वेग नोंदवून ठेवले, तेच हे लय मोजण्याचे यंत्र. घरातला चावीचा मेट्रोनोम मी स्टुडिओत नेला, लाकडाचा आवाज टेबलातून मायक्रोफोनमध्ये गुंजू नये म्हणून खाली जाड कापडाची घडी घातली आणि काटा अगदी संथ लावला. एलियासबर्ग यांच्या तालमीची हकिकत सांगून झाल्यावर मी बोलणे थांबवले आणि वीस सेकंद ती टिकटिक एकटीच जाऊ दिली. त्या वीस सेकंदांत काचेपलीकडे बसलेले ध्वनिअभियंते मान खाली घालून ऐकत होते. मग मी मेट्रोनोमचा काटा बोटाने धरला आणि कूचगीताचा ढोल सुरू झाला.

त्या वीस सेकंदांनी मला रेडिओवर गप्प राहण्याचे धैर्य दिले. निवेदकाला शांततेची भीती शिकवलेली असते. आमच्या केंद्रात दहा सेकंद आवाज आला नाही तर धोक्याची सूचना वाजते आणि राखीव संगीत आपोआप सुरू होते. ही सोय योग्यच आहे, परंतु चायकोव्हस्कीच्या त्याच सहाव्या सिंफनीचा शेवट तिच्यात बसत नाही. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने स्वतः ती वाजवून घेतली आणि नऊ दिवसांनी तो गेला. तिसरा भाग विजयाच्या कूचगीतासारखा गर्जत संपतो, लोक फसून टाळ्या वाजवतात आणि मग येतो तो संथ शेवटचा भाग. त्याच्या अखेरीस चेलो आणि डबल बास यांचा स्वर विझत विझत जातो. शेवटचा स्वर नक्की कधी संपला हे सांगता येत नाही. चांगल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्यानंतर कंडक्टरचा हात वर राहिलेला असतो तोवरची शांतताही सापडते. तो हात दिसत नाही, पण सभागृहातले कोणीही हलत नाही यावरून तो वर आहे हे कळते.

या सिंफनीचा भाग करायचे ठरले तेव्हा मी ध्वनिअभियंत्यांकडे गेले आणि सूचना वाजण्याची मर्यादा त्या रात्रीपुरती वाढवून मागितली. “किती हवी, ताई?” त्यांनी विचारले. मी ध्वनिमुद्रण मोजून आणले होते. शेवटचा स्वर ऐकू येईनासा झाल्यापासून पहिल्या टाळीपर्यंत सतरा सेकंद. त्यांनी पंचवीस लावले. कार्यक्रम संपायची वेळ ठरलेली असल्यामुळे सगळे मागून मोजत आणावे लागले. समारोपाच्या निवेदनातले चाळीस सेकंद मी काढून टाकले आणि संहितेच्या शेवटच्या पानावर फक्त रचनाकार, कंडक्टर आणि वाद्यवृंद यांची नावे ठेवली. त्या रात्री चेलो आणि बास खाली उतरत गेले, मीटरवरची हिरवी रेघ सुईच्या टोकाएवढी झाली आणि मग ती उरली नाही. माझा हात फेडरपासून, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्टीपासून दूर, मांडीवर होता. काचेपलीकडे ध्वनिअभियंत्यांनी दोन्ही तळवे किंचित उचलून तसेच धरून ठेवले होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न पाहता आम्ही दोघे पहिल्या टाळीची वाट पाहत होतो.